हॅम क्लबची घटना कशी लिहावी: एका सचिवाच्या वहीतून

आमच्या हॅम क्लबचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संच चालवणाऱ्यांच्या क्लबचे, अध्यक्ष नाना गेले. त्यांच्या तेराव्याला त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, वरच्या खोलीतलं ते रेडिओचं सामान कुणाचं? बाबांचं की क्लबचं?" मला उत्तर देता आलं नाही. मोठा एचएफ सेट (दूरच्या पल्ल्याचा बिनतारी संच) आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून घेतला होता, एवढं मला पक्कं आठवत होतं. पॉवर सप्लाय नानांचा स्वतःचा असावा. ट्यूनर मुंबईहून आणला होता, पण पैसे कुणी दिले? तिघांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. आमचं काही ठरेपर्यंत त्या मुलाला खोली रिकामी करायची वेळ आली आणि सेट जुन्या पंख्यांबरोबर, टीव्हीबरोबर भंगारात गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याने विचारलं होतं.

नुकसान पैशापुरतं नव्हतं. बिनतारी संच परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही, हा दंडक १९३३ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. म्हणजे आमच्या निष्काळजीपणामुळे एक चालू ट्रान्समीटर ज्याच्याकडे असायला नको त्याच्याकडे गेला. शिवाय क्लबचं केंद्र म्हणून आम्ही जे चालवत होतो ते सगळं नानांच्या वैयक्तिक परवान्यावर आणि नानांच्या कॉलसाइनवर, म्हणजे परवान्यासोबत मिळालेल्या हवेवरच्या ओळखनावावर. ते गेले आणि त्या दिवसापासून आमचा क्लब हवेवर मुका झाला.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. ताळेबंद, रजिस्टर, दोन सह्या, लॉकरची दुसरी किल्ली हे माझं रोजचं जेवण होतं. म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सचिव झाले. सांगलीत बसून आम्ही घटना, म्हणजे क्लबची नियमावली, लिहिली, मोडली, पुन्हा लिहिली. आता आजूबाजूच्या गावांतले नवे क्लब "काकू, तुमची घटना पाठवा" म्हणून मागतात. घटना पाठवून काम होत नाही, कारण प्रत्येक कलमामागे काय घडलं होतं ते त्यात लिहिलेलं नसतं. ते इथे लिहिते आहे.

आधी ठरवा: नोंदणी हवी का?

पाच-सहा हॅम रविवारी एकाच्या गच्चीवर जमतात, चहा पितात, अँटेना बांधतात. याला नोंदणी लागत नाही आणि करूही नका. पण वर्गणीतून एखादी वस्तू घेतली, क्लबच्या नावाने बँक खातं हवं झालं किंवा क्लबच्या केंद्राचा वेगळा परवाना काढायचा ठरलं की नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही येते, आणि दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा, पण लिहायचा तुम्हीच. बाजारात मिळणारी तयार घटना भजनी मंडळालाही चालते आणि क्रीडा मंडळालाही. रेडिओचं त्यात काहीच नसतं.

नोंदणीनंतर दोन कामं कायमची मागे लागतात. दरवर्षी हिशेब तपासून घेणं, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करणं. हा चेंज रिपोर्ट चुकवू नका, हे मी हात जोडून सांगते. निवडणूक होते, हार-तुरे होतात, फोटो निघतात आणि कागद तसाच राहतो. दोन-तीन निवडणुका अशा गेल्या की सरकारदरबारी कार्यकारिणीत वारलेले लोक असतात आणि पुण्याला राहायला गेलेले लोक असतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, आणि बँकेचं बरोबरच असतं. मी काउंटरच्या त्या बाजूला बसलेली आहे. आमच्याकडे निवडणुकीच्या सभेतच नव्या कार्यकारिणीचे संमतीपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती घेतो. त्या घेतल्याशिवाय सभा संपल्याचं जाहीर करत नाही.

मत कुणाला

घटनेतला उद्देश लांबवू नका. हौशी बिनतारी संदेशवहनाचा अभ्यास, प्रयोग, प्रशिक्षण आणि आपत्तीत प्रशासनाला साहाय्य, एवढं पुरतं. "व इतर समाजोपयोगी कार्ये" असं शेपूट जोडायचा मोह होतो. जोडलंत तर कुणीतरी क्लबच्या पैशातून रक्तदान शिबिराचा मंडप घालायचा ठराव आणेल, आणि त्याला नाही कसं म्हणणार?

सभासदांचे दोन वर्ग ठेवा. ज्याच्याकडे केंद्र सरकारचा वैध हौशी परवाना आहे, मग तो रिस्ट्रिक्टेड असो की जनरल, तो पूर्ण सभासद. त्याला मत आहे, तो कार्यकारिणीत बसू शकतो. बाकीचे, म्हणजे परीक्षेची तयारी करणारे, नुसते ऐकणारे, शाळकरी मुलं, हे सहयोगी सभासद. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. व्हीयू टू (जनरलची कॉलसाइन) आणि व्हीयू थ्री (रिस्ट्रिक्टेडची) यांच्यात मात्र मतात भेद करू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात अध्यक्ष जनरल ग्रेडचाच हवा असं एकाने घातलं होतं. मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स (ठिपके-रेघांची संकेतलिपी) येतो म्हणून माणसाला सभा चालवता येते असं नाही. ते कलम आम्ही काढलं. केंद्रप्रमुखाला मात्र अट ठेवली, कारण तिथे तांत्रिक जबाबदारी आहे.

परीक्षेला वयाची बारा वर्षं पुरी लागतात. त्यामुळे सातवीतली मुलगीही परवानाधारक होऊ शकते, आणि आमच्याकडे झाली. तिला मत द्यायचं का? आम्ही अठराखालच्या परवानाधारकाला मत सोडून सगळे हक्क दिले: केंद्र वापरणं, नेट (ठरलेल्या वेळी हवेवर भरणारी सभासदांची बैठक) चालवणं, सामान नेणं. सामानाच्या पावतीवर पालकाची सही घेतो.

परवान्याची मुदत संपली तर काय, हे नक्की लिहा. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या परवान्याची मुदत संपली होती आणि ते रोज सकाळी हवेवर येत होते. सगळ्यांना माहीत होतं. कुणाची जीभ उचलली नाही, कारण निम्म्या क्लबला मोर्स त्यांनीच शिकवलेला. आता घटनेत सरळ वाक्य आहे: "परवान्याची मुदत संपताच पूर्ण सभासदत्व आपोआप सहयोगी सभासदत्वात रूपांतरित होईल व नूतनीकरणाची प्रत सादर करताच पूर्ववत होईल." दर एप्रिलमध्ये परवान्याची प्रत सचिवाकडे द्यायची, अध्यक्षानेही. ते ज्येष्ठ सभासद पहिल्याच एप्रिलला स्वतः प्रत घेऊन आले. नूतनीकरण करून आले होते.

वर्गणीबद्दल एवढंच: परवडेल ती ठेवा, विद्यार्थ्यांना नाममात्र ठेवा, आणि ३० जूनपर्यंत न भरल्यास मत नाही असं लिहा.

कार्यकारिणी आणि तहहयात पदं

नानांना आम्ही तहहयात अध्यक्ष केलं होतं, प्रेमापोटी. त्या प्रेमाने सगळं ओझं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर गेलं. सेट त्यांच्या घरी, चेकबुक त्यांच्या कपाटात, कुणाकडे कोणती केबल आहे ते त्यांच्या डोक्यात. ते आजारी पडले तेव्हाही आम्ही "नाना, ते कुठे आहे?" असं विचारायलाच दवाखान्यात जात होतो. म्हणून माझं मत ठाम आहे. तहहयात पद ठेवू नका. सन्मान द्यायचा तर मार्गदर्शक म्हणा, शाल द्या, त्यांच्या नावाने मोर्सची स्पर्धा घ्या. पद दोन वर्षांचं, लागोपाठ दोनदाच.

आमची कार्यकारिणी सात जणांची आहे: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, केंद्रप्रमुख, सामानप्रमुख आणि एक सदस्य. केंद्रप्रमुख, सामानप्रमुख आणि खजिनदार या तीन माणसांत कुणीही दोन पदं एकत्र घ्यायची नाहीत आणि हे तिघे एका घरातले नसावेत. लहान गावात माणसं कमी पडतात हे मान्य. पण सामान ज्याच्या ताब्यात त्यानेच त्याची खरेदी करायची आणि त्यानेच बिल मंजूर करायचं, यात चांगला माणूसही अडचणीत येतो. संशय आला की त्याला स्वतःला निर्दोष दाखवायला काही हातात राहत नाही.

केंद्रप्रमुखाचं काम तपशिलात लिहा. क्लबच्या केंद्राला वेगळा परवाना काढावा लागतो आणि त्याला जबाबदार परवानाधारक दाखवावा लागतो. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. सेट दुसऱ्याच्या घरी हलवायचा तर आधी पत्त्याचं काम करायचं, मग सेट उचलायचा. केंद्रावर लॉगबुक असतं. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरची कॉलसाइन, आणि क्लबच्या कॉलसाइनवर त्या वेळी माईकसमोर प्रत्यक्ष कोण बसलं होतं त्याची स्वतःची कॉलसाइन. हा शेवटचा रकाना आम्ही वाढवला. उद्या कुणी तक्रार केली की अमुक दिवशी तुमच्या केंद्रावरून अमुक बोललं गेलं, तर उत्तर त्या रकान्यात असतं. परवाना नसलेल्याच्या हातात माईक द्यायचा नाही. पाहुणे आले, आमदार आले, शाळेचे मुख्याध्यापक आले, तरी नाही. ऐकवा हवं तेवढं.

केंद्रप्रमुख अचानक उपलब्ध नसेल तर काय? उपप्रमुखाचं नाव त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात घ्या. आणि एक लिफाफा करा. आमच्या लिफाफ्यात परवान्याची प्रत, दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरच्या क्लबच्या खात्याचा लॉगिन, क्लबच्या ईमेलचा पासवर्ड, रिपीटरच्या (संदेश झेलून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या यंत्राच्या) पेटीच्या कुलुपाची दुसरी किल्ली आणि गच्चीच्या मालकाचा फोन नंबर आहे. लाखेने बंद, वर दोघांच्या सह्या. तो अध्यक्षांकडे असतो. पासवर्ड बदलला की नवा लिफाफा.

डेड स्टॉक रजिस्टर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचं घोडं इथेच पेंड खात होतं.

शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत लाल कापडाच्या पाठीचं एक जाड रजिस्टर असतं. तेच आणा. संगणकावर ठेवायचं तर ठेवा, पण मूळ दस्त हे रजिस्टर, पानांना क्रमांक घातलेलं. रकाने आम्ही असे आखले: अनुक्रमांक, वस्तू, मेक व मॉडेल, सिरियल नंबर, कधी आली, कशी आली, किंमत, बिल किंवा दानपत्राचा क्रमांक, सध्या कुणाकडे, सही, परतीची तारीख, शेरा.

"कशी आली" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तीनच शब्दांपैकी एक लिहायचा: खरेदी, दान किंवा उसनी. उसनी म्हणजे वस्तू सभासदाची, वापर क्लबचा, मागितली की परत. नानांच्या खोलीतला सगळा घोळ या एका शब्दाअभावी झाला. हॅम माणसं दिलदार असतात. "राहू दे रे क्लबात" म्हणून आपला एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी नीट जुळली आहे का ते दाखवणारा) ठेवून जातात, आणि पाच वर्षांनी तो त्यांचा की क्लबचा हे त्यांनाही सांगता येत नाही. कुणी दान देतो म्हणाला तर तिथल्या तिथे अर्ध्या पानाचं दानपत्र भरून घ्या आणि सही घ्या. वारसांना त्या सहीने किती हलकं वाटतं ते मी नंतर एका घरी पाहिलं आहे. त्यांच्या आईने रजिस्टर पाहिलं, उसन्या वस्तूंवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमचं, बाकीचं तुम्ही घेऊन जा." दहा मिनिटांत काम झालं.

प्रत्येक वस्तूवर क्रमांक घालायचा. चिकटपट्टी उन्हाने सुटते. प्लास्टिकच्या पेटीवर तापलेल्या सोल्डरिंग गनचं टोक हलकं टेकवून आकडा कोरतो. धातूवर माझं लाल नेलपॉलिश चालतं, वर्षानुवर्षं जात नाही. सेट आणि अँटेना जोडणाऱ्या कोॲक्स केबलला दोन्ही टोकांना आकडा हवा, नाहीतर कापलेली केबल पूर्ण समजून रजिस्टरमध्ये नांदते. क्र. १२ ही आमची आरजी-२१३ केबल पंचवीस मीटरची नोंदली होती. एका एप्रिलच्या मोजणीत एकोणीस मीटर भरली. रागावलो नाही. शेऱ्यात लिहिलं: "सहा मीटर फील्ड डेला (मैदानी सरावाला) डायपोल अँटेनाच्या फीडरसाठी कापली, उर्वरित एकोणीस." रजिस्टर खरं राहिलं की भांडण होत नाही.

सामान नेताना पावती. नेमकी मुदत, जास्तीत जास्त एकवीस दिवस. परत देताना सामानप्रमुखाने ते चालू करून बघायचं, नुसतं हातात घ्यायचं नाही. ट्रान्सीव्हर (बोलायचा-ऐकायचा संच) असेल तर डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा भार, लावून पॉवर बघायची. बिघडलं असेल तर? वापरात झिजून बिघडलं तर खर्च क्लबचा. उलटी पोलॅरिटी जोडली, अँटेना न जोडता प्रक्षेपणाचं बटण दाबलं, तर निम्मा खर्च सभासदाचा. पूर्ण खर्च लावला की लोक सांगत नाहीत, गुपचूप परत ठेवून जातात, असा आमचा अनुभव आहे. निम्म्यावर आणलं आणि लोक स्वतःहून सांगू लागले.

ट्रान्समीटर फक्त वैध परवानाधारकालाच द्यायचा आणि पावतीवर त्याच्या परवान्याचा क्रमांक लिहायचा. वस्तू निकालात काढायची तर सभेचा ठराव हवा. भंगारात देण्यापूर्वी सेट असा निकामी करायचा की पुन्हा प्रक्षेपण होणार नाही. विकायचा तर परवानाधारकालाच, लेखी.

पैसे

खातं राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेत, क्लबच्या नावाने. तीन जणांच्या सह्या नोंदवलेल्या, त्यांतल्या कोणत्याही दोन पुरेशा. खजिनदाराजवळ रोख दोन हजारांपेक्षा जास्त ठेवायची नाही. यूपीआयने वर्गणी घेणं सोपं, म्हणून एखाद्याच्या खाजगी नंबरवर घेतात. घेऊ नका. क्लबच्या खात्याचाच क्यूआर लावा. खर्चाला व्हाउचर, व्हाउचरला बिल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि बिल नाही मिळालं, तर आणणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं आणि सोबत दुसऱ्या एकाची साक्ष. पाच हजारांवरची खरेदी कार्यकारिणीच्या आधीच्या मंजुरीने. हे सगळं तुमच्या हाउसिंग सोसायटीसारखंच आहे, त्यात नवं काही नाही.

नेट आणि रिपीटर

आमचं नेट रविवारी सकाळी आठला दोन मीटरच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यावर भरतं. नेट कंट्रोल (नेट चालवणारा) दर आठवड्याला वेगळा, यादी तिमाहीची आधीच लागते. नियम एका पानावर आहेत आणि नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी ते पान देतो. सुरुवातीला, शेवटी आणि बोलणं लांबलं तर दर दहा मिनिटांनी कॉलसाइन. दोन ओव्हरमध्ये, म्हणजे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याआधी, श्वासभर जागा सोडायची, कारण कुणाला ब्रेक मागायचा असू शकतो. साध्या भाषेत बोलायचं, सांकेतिक नाही. मराठीत खुशाल बोला, पण कॉलसाइन आंतरराष्ट्रीय उच्चारांनी (अल्फा, ब्राव्हो अशा) सांगा. गाणी वाजवायची नाहीत. धंद्याचं बोलायचं नाही. आमच्यात एक जण द्राक्षबागायतदार आहेत. भाव विचारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ते स्वतःच म्हणतात, "ते फोनवर." हौशी परवाना तांत्रिक प्रयोगांच्या आणि किरकोळ व्यक्तिगत बोलण्यापुरता आहे, ही त्यामागची मूळ गोष्ट सांगितली की लोकांना पटते. राजकारण आणि धर्म यांवर नेटमध्ये बोलायचं नाही हा आमचा स्वतःचा नियम आहे. तो करताना खूप वाद झाला. केला म्हणून क्लब टिकला असं मला वाटतं.

रिपीटर असेल तर त्याला परवानगी वेगळी, आणि तो क्लबचा असेल तर त्याचे नियमही वेगळे. दोनच सांगते. तो बंद करण्याचा अधिकार कुणाला, हे नावानिशी लिहा. गैरवापर सुरू झाला तर मध्यरात्रीही तो बंद करता आला पाहिजे. आणि ज्याच्या गच्चीवर तो बसवला आहे त्याच्याशी साधा करार करा: वीजबिल कोण देणार, वर कधी जायचं, पावसाळ्यात स्लॅब गळला तर कुणाची जबाबदारी. गच्चीचा मालक बदलतो, मालकाचा मुलगा मोठा होतो, बंगल्याच्या जागी अपार्टमेंट येतं. तोंडी शब्द त्या दिवशी उपयोगी पडत नाही.

तक्रार आणि कारवाई

कुणी क्लबच्या नावाला बट्टा लावला तर लगेच काढून टाकायचं कलम घालू नका. पहिल्यांदा अध्यक्षांनी एकट्याने, घरी जाऊन बोलायचं. मग लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत. मग तीन जणांची समिती, जिच्यात तक्रारदाराचा जवळचा कुणी नको. सभासदाचं म्हणणं ऐकून घेतल्याची नोंद इतिवृत्तात हवीच. ती नसेल तर काढून टाकण्याचा ठराव पुढे टिकत नाही. तक्रार हवेवर करायची नाही. एकदा आमच्या नेटवर दोन सभासद वर्गणीच्या हिशेबावरून पंधरा मिनिटं भांडले. निम्मा जिल्हा आणि एक दूरचा कर्नाटकातला हॅम ऐकत होता. नेट कंट्रोलला एका वाक्याने थांबवता यावं म्हणून कलम आलं: "हा विषय सभेचा, पुढचं स्टेशन." हे वाक्य उच्चारलं की गप्प बसायचंच.

पुराचं कलम

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. वीज गेली, मोबाइल कधी लागायचा, कधी नाही. आमच्याकडे सेट होते, माणसं होती, तळमळ होती, आणि घटनेत आपत्तीबद्दल एक ओळही नव्हती. पहिल्या दिवशी एकाच फ्रिक्वेन्सीवर तिघे एकदम बोलत होते. एकाने फोनवर आलेली धरणाबद्दलची ऐकीव बातमी हवेवर सांगितली आणि ऐकणाऱ्यांची झोप उडाली. दोघांनी नातेवाइकांचे निरोप इकडून तिकडे द्यायला सुरुवात केली. हेतू किती चांगला! पण नियम असा आहे की नैसर्गिक आपत्तीतले तिसऱ्या व्यक्तीचे निरोप जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेले आणि तशाच अधिकाऱ्याला उद्देशून असावे लागतात. आम्हाला तो माहीत होता, त्या गडबडीत आठवला नाही. संध्याकाळपर्यंत आमची मुख्य बॅटरीही बसली, कारण चार महिन्यांत कुणी चार्ज केली नव्हती. ती जबाबदारी कुणाचीच नव्हती.

पाणी उतरल्यावर, गावभागातल्या एका सभासदाच्या घरचा चिखल काढून झाल्यावर, त्यांच्याच ओट्यावर बसून आम्ही हे कलम लिहिलं. आपत्ती जाहीर झाली की आपत्ती-समन्वयक एकच, त्याच्या खाली दोन राखीव, तिन्ही नावं दर मे महिन्यात ठरतात. जिल्हा प्रशासनाशी फक्त तोच बोलणार. मे महिन्यातच प्रशासनाला पत्र द्यायचं, त्यात सभासदांची नावं, परवाना क्रमांक, कुणाकडे कोणता सेट. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, आणि मजकूर जसाच्या तसा. घेणाऱ्याने तो पूर्ण परत वाचून दाखवायचा, मगच "मिळाला" म्हणायचं. ऐकीव बातमी हवेवर नाही. फोटो समाजमाध्यमावर नाहीत. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी आहे त्याला कामावर घ्यायचं नाही, तो कितीही म्हणाला तरी.

आणि बॅटरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केंद्राचा मेन स्विच बंद करून नेट पूर्ण बॅटरीवर चालतं. शंभर वॉटवर एचएफ सेट वीस अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे बॅटरीत दम आहे की नाही ते अर्ध्या तासात कळतं. व्होल्टेज सुरुवातीला किती, शेवटी किती, दोन्ही आकडे लॉगबुकात.

१९९३ साली किल्लारीला आणि २००१ मध्ये भूजला हॅम मंडळी सेट घेऊन पोहोचली होती, हे आपण नव्या मुलांना अभिमानाने सांगतो. सांगावंच. सोबत हे पानही वाचायला द्या.

सभा, बदल आणि शेवटचं कलम

वार्षिक सभेची नोटीस पंधरा दिवस आधी, विषयपत्रिकेसह. व्हॉट्सॲपवर टाका, पण पोच घ्या. तयार घटनांमध्ये एक वाक्य हमखास असतं: "गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही." रोजच्या विषयांना हे ठीक. पण घटनादुरुस्ती, सामान विकणं आणि सभासदाला काढणं या तीन विषयांना ते लागू नाही असं पुढे लिहा. नाहीतर पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी पाच माणसं बसून क्लबचा रिपीटर विकू शकतात.

इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं, विरोध झाला तर विरोधाचंही नाव आणि कारण. विरोध करणाऱ्याचं म्हणणं वहीत आलं की तो घरी शांत जातो. पुढच्या सभेत वाचून कायम करा.

क्लबचा उद्देश बदलायचा तर १८६० च्या कायद्याप्रमाणे दोन विशेष सभा लागतात, मध्ये एक महिन्याचं अंतर, आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं. विसर्जनालाही तीन पंचमांश. विसर्जनाचं कलम लिहिताना सगळे कावरेबावरे होतात, जणू अभद्र बोलतो आहोत. लिहा. देणी भागवून उरलेलं सामान आणि पैसे सभासदांना वाटून घेता येत नाहीत, ते दुसऱ्या संस्थेला द्यावे लागतात. आम्ही त्यात आणखी दोन ओळी घातल्या. ट्रान्समीटर परवाना असलेल्या क्लबकडेच जातील आणि त्याची पावती सचिव जपून ठेवील. उसन्या वस्तू आधी, रजिस्टरप्रमाणे, ज्याच्या त्याला किंवा त्याच्या वारसाला सही घेऊन परत केल्या जातील, आणि वारसाकडे परवाना नसेल तर ट्रान्समीटर त्याच्या संमतीने परवानाधारकाला देऊन किंमत वारसाला पोचवली जाईल.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर क्र. १ ला आम्ही तो गेलेला एचएफ सेट नोंदवला आहे. कशी आली: खरेदी, अकरा सभासदांची वर्गणी. सध्या कुणाकडे: रकाना रिकामा. दर एप्रिलला मोजणी तिथूनच सुरू होते. सामानप्रमुख मोठ्याने वाचतात, "क्रमांक एक, नाही," आणि मग क्रमांक दोनची पेटी उघडतात.